कुंपण कोणासाठी?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणासाठी माझे नाव ठरले तेव्हा विषय कोणता घ्यावा, असे मी चिटणीसबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "तुमच्या कामातलेच काही सांगा." माझे काम म्हणजे बागांचे आणि प्राणिसंग्रहालयांतील आवारांचे नकाशे काढणे. वाघाला कोठे ठेवायचे, तो पाहायला आलेल्या माणसांना कोठे उभे करायचे आणि या दोघांच्या मध्ये काय बांधायचे, हे ठरविण्यात माझी बरीच वर्षे गेली. लोणच्या-मुरंब्यांवर बोलावे तर माझ्याहून अधिकारी भगिनी समोर बसल्या आहेत. तेव्हा मी आपली कुंपणावरच बोलते.

कुंपणावर बोलायला आणखीही एक कारण आहे. मुलांची सहल यंदा राणीच्या बागेत न्यावी की नाही, यावर मागच्या सभेत बराच वाद झाला. काही भगिनी म्हणाल्या, "मुले आवरत नाहीत. एखादे कठड्यावर चढले तर जबाबदारी कोणाची?" काही म्हणाल्या, "कोंडलेली जनावरे मुलांना दाखवावीतच कशाला?" दोन्ही शंका रास्त आहेत. त्यांचे उत्तर शोधायचे तर आधी कुंपण म्हणजे काय आणि ते कसे निवडतात, हे समजून घेतले पाहिजे.

कुंपण कशासाठी, असे विचारले की चटकन उत्तर येते, जनावर बाहेर येऊ नये म्हणून. हे खरेच आहे. पण कुंपणाला आणखी दोन कामे असतात. माणूस आत जाऊ नये, हे दुसरे. आणि माणसाच्या हातापासून, दगडापासून, शेंगदाण्यापासून आणि आरडाओरड्यापासून जनावराचा बचाव व्हावा, हे तिसरे. पहिले काम सगळ्यांना दिसते. दुसरे अपघात झाला म्हणजे आठवते. तिसरे फारसे कोणाला आठवतच नाही.

आता थोडा इतिहास सांगते. आपली राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ साली लोकांना खुली झाली. त्या काळी प्राणिसंग्रहालय म्हटले की बहुतेक ठिकाणी लोखंडी गजांचे पिंजरेच असत. गज मजबूत असतात, हवा खेळती राहते, पिंजरा धुवायलाही सोपा जातो. पण गजांमागचे कोणतेही जनावर कैद्यासारखे दिसते आणि बघणाऱ्याच्या मनातही त्याच्याविषयी आदर उरत नाही.

जर्मनीतील हाम्बुर्ग शहरी कार्ल हागेनबेक नावाचा एका मासळीच्या व्यापाऱ्याचा मुलगा होता. तो पुढे जनावरांचा मोठा व्यापारी झाला. गज काढून टाकले आणि त्यांच्या जागी खंदक खणला तर काय होईल, हा विचार त्याने केला. १८९६ साली त्याने या रचनेचे पेटंट घेतले आणि १९०७ साली हाम्बुर्गजवळ श्टेलिंगन येथे तशी बाग उघडली. प्रेक्षक उभे राहतात त्या जागेवरून खंदक दिसतच नाही. सिंह मोकळ्या खडकावर बसला आहे असे वाटते. मात्र ही केवळ नजरबंदी नव्हती. खंदक खणण्यापूर्वी त्याने जनावरे किती उंच आणि किती लांब उडी मारतात ते अजमावून पाहिले होते. कुंपणाच्या शास्त्राची सुरुवात तेथे झाली, असे मी मानते. दिल्लीचे प्राणिसंग्रहालय १९५९ साली उघडले, त्याच्या आखणीतही याच हागेनबेक घराण्यातील एका गृहस्थाचे साहाय्य घेतले होते. खंदकापलीकडचे वाघ-सिंह आपल्याकडेही पाहायला मिळतात ते या विचारामुळे.

पण खंदक प्रत्येक जनावराला चालत नाही. मीठ आपण पत्र्याच्या डब्यात ठेवीत नाही आणि लोणचे पितळेच्या भांड्यात घालीत नाही. आत काय राहणार आहे ते पाहून भांडे निवडायचे, हा आपल्या स्वयंपाकघरातला नियम कुंपणालाही लागू आहे.

हत्तीचे पाहा. एवढा बलाढ्य प्राणी, पण त्याला उडी मारता येत नाही. त्यामुळे फार रुंद नसलेला खंदकही त्याला अडवतो. तरीही हल्ली हत्तीसाठी खोल खंदक खणणे टाळतात, कारण धक्काबुक्कीत हत्ती खंदकात पडून जायबंदी होण्याची भीती असते. त्याऐवजी जाड खांब आणि त्यांतून ओवलेले पोलादी दोर किंवा दांडे वापरतात. शिवाय हत्तीची सोंड लक्षात घ्यावी लागते. लोकांचा कठडा किती दूर हवा, याचा हिशेब सोपा आहे: जनावर बाहेर किती लांब पोहोचते आणि माणूस आत किती लांब हात घालतो, या दोन्हींची बेरीज करायची आणि वर थोडे अंतर सोडायचे. दोघांची गाठ पडता कामा नये.

बिबट्या झाडावर सरसर चढतो. त्याच्यापुढे उघड्या माथ्याची भिंत काय करणार? त्याला वरूनही जाळी लागते. वाघ उत्तम पोहतो, म्हणून नुसत्या पाण्याने तो अडत नाही. खरे काम पाण्यापलीकडची उभी, गुळगुळीत भिंत करते. चिंपांझी आणि गोरिला यांना पोहता येत नाही. पाण्याने ते अडतात खरे, पण पाणी खोल असले तर पडलेले जनावर बुडते. म्हणून काठाचा तळ हळूहळू उतरता ठेवावा लागतो आणि हाताला धरायला काहीतरी द्यावे लागते.

हरणाची गोष्ट निराळी आहे. ते घाबरले की डोळे मिटल्यासारखे धावत सुटते आणि न दिसणाऱ्या तारेवर आदळून मान मोडून घेते. म्हणून जाळी उंच तर हवीच, पण ती हरणाला दिसलीही पाहिजे. नवी जाळी लावली की सुरुवातीला तिच्यावर फांद्या किंवा कापडाच्या पट्ट्या बांधून ठेवतात. आवाराला काटकोनी कोपरे ठेवीत नाहीत, कारण दांडगा नर दुबळ्या हरणाला कोपऱ्यात गाठतो. काटेरी तार तर मुळीच लावायची नसते.

वीजतारांचे कुंपणही आता वापरतात. त्यातला झटका क्षणभराचा असतो. चांगलाच झोंबतो, पण भाजत नाही. एकदा झटका बसलेले जनावर पुन्हा तारेला नाक लावीत नाही. पण वीज गेली म्हणजे? आपल्याकडे हा प्रश्न कोणी कोणाला समजावून सांगायला नको. म्हणून धोक्याचे जनावर एकट्या वीजतारेच्या भरवशावर सोडीत नाहीत. मागे भिंत किंवा जाळी असतेच.

आणि काच. राणीच्या बागेत २०१६ साली हम्बोल्ट पेंग्विन आले आणि २०१७ साली ते लोकांना पाहायला मिळाले. तेथील काच दोन कामे करते: माणसांना बाहेर ठेवते आणि थंडी आत ठेवते. वाघासाठीही आता काच वापरतात. ही काच आपल्या खिडकीची नव्हे. काचेचे अनेक थर असतात आणि मधे चिवट पारदर्शक पापुद्रा असतो, त्यामुळे तडा गेला तरी ती खळ्ळकन खाली येत नाही. काचेचा मोठा गुण असा की लहान मूलही वाघासमोर उभे राहून त्याला सरळ पाहू शकते. दोष असा की लोक तिच्यावर टकटक करतात. आतल्या जनावराला ती टकटक दिवसभर ऐकावी लागते. आपल्या दारावर कोणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत थापा मारीत राहिले तर आपले काय होईल, ते मनात आणून पाहा.

आता रखवालदाराविषयी सांगते. त्याला रोज आत जावे लागते, पिंजरा धुवावा लागतो, मांस टाकावे लागते. त्याच्यासाठी दोन दारांची रचना असते: पहिले दार लावून कडी घातल्यावाचून दुसरे उघडायचे नाही. जनावर रात्रीच्या खोलीत गेले आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आवारात पाऊल टाकायचे नाही. प्रेक्षकांना हे दार कधी दिसत नाही, पण मी नकाशा काढायला बसले की सुरुवात याच दाराने करीत असे. त्या माणसाचीही घरी कोणी वाट पाहत असते.

कुंपण किती उंच असावे, हे नेहमीच्या दिवसावरून ठरवायचे नसते. वाघ सहसा किती उंच उडी मारतो, हा प्रश्नच चुकीचा. तो खवळला, भ्याला, जिवावर उदार झाला तर किती मारील, हे विचारायचे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे २००७ साली नाताळच्या दिवशी एक वाघीण खंदक आणि भिंत ओलांडून बाहेर आली. सतरा वर्षांच्या एका मुलाचा जीव गेला आणि पोलिसांनी वाघिणीलाही गोळी घातली. भिंत मोजली तेव्हा ती साडेबारा फूट भरली. तेथील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने सुचविलेली उंची होती १६ फूट ४ इंच. आजवर काही झाले नाही म्हणजे भिंत पुरेशी आहे, असा समज अशा ठिकाणी होऊन बसतो. काही न होणे हे माप नव्हे. माप फुटपट्टीनेच घ्यावे लागते.

भगिनींनो, येथवर मी जनावरांच्या बाजूचे कुंपण सांगितले. आता माणसांच्या बाजूचे सांगते, आणि आजच्या भाषणात मला मुख्यतः हेच सांगायचे आहे.

अमेरिकेतीलच सिनसिनाटी येथे २८ मे २०१६ रोजी तीन वर्षांचा एक मुलगा कठडा ओलांडून सुमारे १५ फूट खाली गोरिलाच्या खंदकात पडला. हरांबे नावाच्या सतरा वर्षांच्या गोरिलाने त्याला पकडले, पाण्यातून फरफटत नेले. गुंगीचे औषध मारावे तर ते भिनायला वेळ लागतो; तेवढ्यात मुलाचे काय होईल याचा भरवसा नाही. शेवटी गोरिलाला गोळी घालण्यात आली. मुलगा वाचला.

दुसऱ्या दिवसापासून जगभर लोक एकाच व्यक्तीवर तुटून पडले. ती म्हणजे मुलाची आई. ती कोठे पाहत होती? तिला मूल सांभाळता येत नाही का? तिला शिक्षा करा! लाखो लोकांनी तशा अर्जावर सह्या केल्या. तिच्याबरोबर आणखीही मुले होती, हे किती जणांनी लक्षात घेतले? सरकारी वकिलांनी चौकशीनंतर तिच्यावर खटला भरण्यास नकार दिला.

आता कठड्याकडे पाहू. तो होता तीन फूट उंच. ते आवार १९७८ पासून उघडे होते आणि इतक्या वर्षांत तेथे कोणी आत पडले नव्हते. या घटनेनंतर दहा-बारा दिवसांतच तेथे साडेतीन फुटांचा नवा कठडा उभा राहिला आणि त्याच्या खालच्या भागाला गाठी मारलेल्या दोरीची जाळी लावली गेली. मला विचारावेसे वाटते, कठडा जर पुरेसा होता तर तो बदलला कशाला?

आईने लक्ष ठेवू नये, असे मी म्हणत नाही. आई लक्ष ठेवतेच. पण आईचा डोळा हा कुंपणाचा खांब धरून नकाशा काढायचा नसतो. तिच्या कडेवर एक मूल असेल, दुसरे पाणी मागत असेल, तिसऱ्याची चप्पल सुटली असेल. तिची नजर क्षणभर वळणारच. ती वळेल हे धरून जो कठडा बांधला जातो, तोच खरा कठडा. माझ्या धंद्यातला नियम मी असा सांगत असे: आतल्या बाजूला सर्वांत बलवान जनावर मनात धरा आणि बाहेरच्या बाजूला सर्वांत लहान, सर्वांत चपळ आणि सर्वांत हट्टी मूल.

त्याच देशात पिट्सबर्ग येथे २०१२ साली एका आईने आपल्या दोन वर्षांच्या मुलाला नीट दिसावे म्हणून लाकडी कठड्यावर उचलून धरले. मूल हातातून निसटले आणि खाली आफ्रिकी रानकुत्र्यांच्या आवारात पडले. ते वाचले नाही. यापुढे काही बोलवत नाही. पण नकाशा काढणाऱ्याने यातून एक गोष्ट शिकलीच पाहिजे. मुलाला जमिनीवर उभे राहून जनावर दिसत नसेल तर कोणीतरी त्याला उचलणारच. म्हणून कठड्याच्या खालच्या भागात मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला काच किंवा बारीक जाळी ठेवायची. कठड्याचा माथा सपाट ठेवायचा नाही. तो उतरता किंवा गोल करायचा, म्हणजे त्यावर मूल बसविण्याचा मोहच होत नाही. कठड्याला आडव्या दांड्या लावायच्या नाहीत, कारण आडवी दांडी म्हणजे आपण होऊन मुलाला लावून दिलेली शिडी.

हा शेवटचा नियम ऐकून आपल्यापैकी काहींच्या डोळ्यांपुढे आपल्या घरची गॅलरी आली असेल. यावीच. घरी गेल्यावर आपल्या गॅलरीचा कठडा पाहा. दांड्या आडव्या आहेत की उभ्या? उभ्या असल्या तर दोन गजांत चार इंचांहून जास्त फट नाही ना? कठड्याशी कुंडी, स्टूल किंवा जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा नाही ना? असेल तर तो आजच हलवा. वाघ आपल्या घरी नाही, पण गॅलरीखालची उंची तरी काय कमी आहे?

आता कुंपणाचे तिसरे काम, म्हणजे आपल्यापासून जनावराचा बचाव. दिल्लीत सप्टेंबर २०१४ मध्ये एक तरुण पांढऱ्या वाघाच्या खंदकात गेला आणि मृत्यू पावला. वाघ काही वेळ त्याच्यासमोर नुसता उभा होता. वरून लोक ओरडत होते, दगड फेकत होते, असे त्या वेळच्या बातम्यांत आले. हेतू वाघाला हुसकावण्याचा होता, पण अशा वेळी गोंगाटाने जनावर बिथरते. प्रेक्षकांनी बाजूला होऊन रखवालदाराला वाट मोकळी करून देणे, हेच उत्तम.

प्राणिसंग्रहालयातील प्राण्याला चिडवणे, खायला घालणे, गोंगाटाने त्रास देणे, तेथे कचरा टाकणे, या सर्व गोष्टींना वन्यजीव संरक्षण कायद्यानेच बंदी आहे. देशातील प्राणिसंग्रहालयांवर देखरेख ठेवण्यासाठी १९९२ पासून केंद्रीय प्राधिकरण आहे. आठवड्यातून एक दिवस प्राणिसंग्रहालय प्रेक्षकांना बंद ठेवण्याचा नियमही आहे. राणीची बाग बुधवारी बंद असते. सतत कोणाच्या तरी नजरेखाली राहण्यापासून जनावरालाही एक दिवस सुटी हवी.

हायनी हेडिगर नावाचे एक स्विस प्राणिशास्त्रज्ञ होऊन गेले. बर्न, बाझेल आणि झुरिच येथील प्राणिसंग्रहालयांचे ते प्रमुख होते. त्यांनी दाखवून दिले की माणूस ठराविक अंतराच्या आत आला की रानटी जनावर पळू लागते, आणि हे अंतर प्रत्येक जातीचे निराळे असते. तेव्हा आवार एवढे मोठे हवे की जनावराला आपल्यापासून तेवढे दूर जाता येईल. ते जमत नसेल तर झुडूप, खडक किंवा भिंतीचा आडोसा तरी हवा. "वाघ दिसलाच नाही, पैसे फुकट गेले," अशी तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे. ज्या आवारात वाघाला लपता येते, ते आवार चांगले आहे असे समजावे. आपणही पाहुण्यांपासून घटकाभर स्वयंपाकघरात जाऊन बसतो ना?

तेव्हा कोंडलेली जनावरे मुलांना दाखवावीत काय, या प्रश्नाचे माझे उत्तर असे. मुलांना नुसता वाघ दाखवू नका, वाघ आणि कुंपण दोन्ही दाखवा. प्रत्येक आवारापुढे त्यांना चार प्रश्न विचारा: याला कशाने अडवले आहे? तेच का निवडले असेल? याला आपल्यापासून लपायला जागा आहे का? आणि आपला हात त्याच्यापर्यंत पोहोचतो का? मुले उत्तरे शोधू लागली की दगड मारायचे विसरतात. आणि एखादे आवार या प्रश्नांत नापास झाले तर मंडळाने त्याविषयी अधिकाऱ्यांना सभ्य भाषेत पत्र लिहावे.

पहिल्या शंकेबद्दल, म्हणजे जबाबदारीबद्दल, माझ्या काही सूचना आहेत. चार मुलांमागे एक मोठी बाई असावी आणि मुलांची नावे तिला आधी लिहून द्यावीत. ज्यांच्या कडेवर तान्हे मूल आहे त्यांच्याकडे दुसरी मुले सोपवू नयेत. कोणाही मुलाला कठड्यावर बसवू नये; दिसत नसेल तर दुसऱ्या जागी नेऊन दाखवावे. डबे पिंजऱ्यांपुढे उघडू नयेत. आणि एखादे मूल कठड्याकडे धावलेच तर जी जवळ असेल तिने त्याला धरावे; त्याची आई कोण आणि ती कोठे पाहत होती, ही चौकशी तेथे कोणी करू नये. धरायला दहा हात असले म्हणजे एका आईच्या डोळ्यावर सगळा भार पडत नाही. मंडळ आपण काढले ते याचसाठी.

सहलीचा निर्णय अर्थात कार्यकारी समितीने घ्यायचा आहे. मला जे ठाऊक होते ते मी आपल्यापुढे ठेवले.